स्वच्छ आवाज

"आणखी एकदा मारा भोंगा," आबा फोनवर म्हणाले, आणि बोर्डरूमच्या खिडक्या थरथरल्या.

साखर कारखान्याचा भोंगा म्हणजे काही घड्याळाचा गजर नव्हे. नदीपलीकडच्या गावांतली माणसं त्यावर जेवायला बसायची. खोलीत आम्ही पाच-सहा जण होतो, सगळ्यांनी कानांवर हात धरले. भिंतीवरच्या भल्यामोठ्या पडद्यावर पुण्याचे करंदीकर साहेब मात्र निवांत चष्मा पुसत बसले होते. भोंगा थांबला तसं आबांनी त्यांना विचारलं, काय ऐकू आलं.

"तुम्ही 'मारा' म्हणालात तेवढं आलं," करंदीकर म्हणाले. "मग मारला नाही का?"

चेअरमन रणधीरआबा जगताप टेबलावर थाप मारून हसले. बॉयलर बांधणारा एवढा मोठा तज्ज्ञ, पण त्यालाही आपल्या खोलीनं चकवलं, याचा त्यांना कोण आनंद झाला होता. माझ्याकडे बोट करून ते बाकीच्यांना म्हणाले, "बघा, ह्या पोरीनं आख्खा भोंगा गिळला."

ती पोरगी म्हणजे मी, नंदिनी सुतार. तेव्हा मला सव्विसावं चालू होतं आणि स्वतःच्या जबाबदारीवर पूर्ण केलेलं ते माझं पहिलं काम होतं. आमची कंपनी मीटिंगच्या खोल्या नव्यानं करून द्यायची. छतात माइक, भिंतीत स्पीकर, बोलणाऱ्याकडे आपोआप वळणारा कॅमेरा, कोणी खोलीत शिरलं की आपण होऊन सुरू होणारं रेकॉर्डिंग. कुणी बटण दाबायला नको, 'हॅलो हॅलो, येतंय का ऐकू' करायला नको. त्यातलं माझं सगळ्यात लाडकं काम म्हणजे गाळणी. तिला कंपनीत दुसरं काहीतरी लांबलचक नाव होतं, पण मी गाळणीच म्हणायची. पंखा, एसी, बाहेरची मिल, जे काही एकसारखं वाजत असेल ते यंत्रानं हुडकायचं आणि गाळून टाकायचं. माणसाचं बोलणं तेवढं पलीकडे जाऊ द्यायचं. तीन आठवडे त्या खोलीत राबून, मिलच्या घरघरीशी भांडून, मी ती गाळणी इतकी बारीक केली होती की माझं मलाच कौतुक वाटत होतं. खोटं कशाला बोलू, भोंग्याची कल्पना आबांची असली तरी त्यांच्या डोक्यात ती मीच भरवली होती.

माझे साहेब, पाटणकर सर, त्या दिवशी मुद्दाम कोल्हापूरहून आले होते. सकाळी गाडीतून उतरताना त्यांनी मला एकच गोष्ट दोनदा बजावली होती. आज खोली चालवायच्या टॅबला हात लावायचा नाही. आपण आपोआप चालणारी खोली दिली आहे, ती आपोआपच चालली पाहिजे. कुणाला वाटता कामा नये की मागे बसून कुणीतरी चाव्या फिरवतंय. तू टॅब घेऊन कोपऱ्यात उभी राहा, हसतमुख.

मी कोपऱ्यात उभी होते. हसतमुखही होते.

तेवढ्यात दार ढकलून साठीला टेकलेला एक माणूस आत आला. खाकी शर्ट, गळ्यात टॉवेल, काखेत लांबट लॉगबुक. कपाळावरचा घाम पुसायच्याही आधी त्यानं विचारलं, "भोंगा कुणी मारला? दोनदा? माझं प्रेशर पडलं तिकडं."

भोंगा बॉयलरच्या वाफेवर वाजतो हे मला तेव्हा कळलं. सगळे हसले. चीफ इंजिनिअर वाघमोडे म्हणाले, या मुळीक, तुमचीच वाट बघत होतो.

हिंदुराव मुळीक बॉयलरवर अडतीस वर्षं होते आणि निवृत्तीला त्यांचा एक हंगाम उरला होता. त्या दिवशीची खरी बैठक त्यांच्यासाठीच होती, भोंगा ही नुसती आमची हौस. गाळप सुरू होऊन बारा दिवस झाले होते. त्यातले शेवटचे तीन दिवस हिंदुराव वाघमोडेंच्या मागे लागले होते की बॉयलरच्या पाठीमागून, डाव्या अंगानं, बारीक सूं आवाज येतोय. आतली एखादी नळी गळत असणार. नळी गळायला लागली की तिच्यातली वाफ शेजारच्या नळ्या कापत सुटते, आणि एक दिवस त्यातली एखादी फुटते. फुटली की आतली वाफ आणि आग समोरच्या दारातून बाहेर येते. समोर दारापाशी उसाचा चोथा भट्टीत ढकलणारी सात माणसं उभी असतात. हे सगळं वाघमोडेंनी मला आदल्या दिवशी चहा पिता पिता अगदी सहज सांगितलं होतं, जसं आपण पाहुण्याला गावची माहिती सांगतो.

उपाय एकच होता. भट्टी विझवायची, बॉयलर गार होऊ द्यायचा आणि उघडून बघायचं. म्हणजे अडीच दिवस गाळप बंद. बाहेर आवारात तोडलेल्या उसानं भरलेले चारशे ट्रॅक्टर उभे होते आणि ऊस उन्हात वाळत होता. शिवाय मागच्या हंगामात हिंदुरावांच्याच शब्दावर बॉयलर थांबवला होता आणि आत काही म्हणता काही सापडलं नव्हतं. तेव्हापासून कँटीनमध्ये विनोदच झाला होता की मुळीकांचे कान वाजतात. म्हणून यंदा असं ठरलं की मुळीकांनी तो आवाज फोनमध्ये भरून आणायचा, करंदीकरांनी नव्या खोलीतून ऐकायचा, आणि ते सांगतील ते सगळ्यांनी मान्य करायचं. नवी खोली कशाला आहे मग, असं आबा म्हणाले होते.

हिंदुरावांनी आधी लॉगबुकातले आकडे वाचून दाखवले. पाणी रोजच्यापेक्षा थोडं जास्त जातंय, असं ते म्हणाले. करंदीकर म्हणाले की हंगामाच्या सुरुवातीला तेवढं जातं. मग हिंदुरावांनी खिशातून फोन काढला, टॉवेलानं पुसला आणि माइक कुठाय म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मी वर छताकडे बोट केलं. त्यांनी देवाला नारळ दाखवावा तसा फोन दोन्ही हातांनी वर धरला आणि सुरू केला.

खोलीत आम्हां सगळ्यांना ते ऐकू आलं. बॉयलरचा धडधडाट, मधूनच दोन माणसांचं एकमेकांना ओरडून बोलणं, आणि त्या सगळ्याखाली एक बारीक, न तुटणारी सूं. हिंदुरावांनी मान हलवली, ही बघा, ही, असं. आबांनी भुवया उंचावल्या. त्यांच्या लेखी तो सगळा एकच गोंगाट होता.

करंदीकर डोळे मिटून ऐकत होते. फोनमधला आवाज संपल्यावर त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं.

"मुळीक," ते म्हणाले, "तुमच्या माणसांचं बोलणं मला लख्ख ऐकू आलं. एक जण 'पावडं कुठं ठेवलंस' म्हणतोय, बरोबर? इतकं स्वच्छ येतंय. पण सूं वगैरे काही नाही त्यात."

आबांनी पाटणकर सरांकडे कौतुकानं बघितलं. पावडंसुद्धा ऐकू आलं म्हणजे बघा.

मी टॅबकडे बघितलं. टॅबवर दोन पट्ट्या असतात. एक खोलीत काय वाजतंय ते दाखवते, दुसरी पलीकडे काय पोचतंय ते. फोन वाजत होता तेवढा वेळ पहिली पट्टी वरपर्यंत भरलेली होती. दुसरी माणसं बोलली की उसळायची, आणि मधल्या वेळात अगदी तळाला, शून्यावर. धडधडाट गेला होता. सूं गेली होती. एकसारखं वाजणारं सगळं, मी सांगितलं होतं तसं, इमानेइतबारे गळून गेलं होतं.

मी पाटणकर सरांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग टॅबकडे, आणि मान अगदी थोडी हलवली. नाही, हात लावायचा नाही. त्यांना काय कळलं होतं ते मला आजही माहीत नाही. कदाचित मी काहीतरी बिघडलंय म्हणून घाबरले आहे, एवढंच त्यांना वाटलं असेल.

बोल, असं मी स्वतःला म्हणत होते. आणि त्याच वेळी दुसरंही म्हणत होते. एवढा मोठा माणूस सांगतोय तर नसेलच काही. फोनमध्ये नीट भरलंच गेलं नसेल. माझं काम माइकचं, बॉयलरमधलं मला काय कळतं. बैठक संपल्यावर वाघमोडेंना बाजूला घेऊन सांगू. एक ना दोन, अशी दहा कारणं मला त्या कोपऱ्यात उभ्या उभ्या सुचली, आणि प्रत्येक कारण मला आधीच्यापेक्षा शहाणपणाचं वाटलं.

हिंदुरावांनी फोन स्वतःच्या कानाला लावला होता. ते ऐकत होते. मग त्यांनी पडद्याकडे बघून विचारलं, "सायब, तुमास्नी खरंच न्हाई आलं?"

"मुळीक, वय होतंच आपलं सगळ्यांचं," करंदीकर म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. फार मायेनं म्हणाले ते.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं मला वाटलं. वाघमोडेंनी घसा साफ केला आणि म्हणाले की आता हे लॉगबुकात लिहून ठेवू, म्हणजे विषय मिटला. त्यांनीच वाक्य सांगितलं. आवाज तज्ज्ञांमार्फत तपासला, दोष आढळला नाही. हिंदुराव टेबलाशी वाकून एकेक अक्षर काढत लिहीत होते. मधे आबा दुसऱ्याच विषयाकडे वळले, अशीच खोली तालुक्याच्या शाळेत बसवता येईल का म्हणून पाटणकर सरांना विचारू लागले, आणि सर सांगू लागले. कॅमेरा आबांकडून सरांकडे, सरांकडून आबांकडे झुलत होता. भिंतीवर त्यांचे चेहरे आलटूनपालटून मोठे होत होते.

"सही हितं का?" हिंदुरावांनी विचारलं. वाघमोडेंनी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली. पेनाला टोपण लावलं. लॉगबुक काखेत मारलं आणि दाराकडे निघाले. दारात थांबून ते वाघमोडेंना म्हणाले, "पोरं भ्याल्याती जरा. त्यास्नी सांगतो, काय न्हाई म्हणून. आज म्याच फुडं हुबा ऱ्हातो दाराला, म्हंजी त्यांचीबी भीती जाईल."

ते बोलणं मला सहन झालं नाही.

"थांबा," मी म्हणाले.

कॅमेरा सर्रकन माझ्याकडे वळला. भिंतीवर मी आले, टेबलाएवढी. ओठ सुकलेले, टॅब छातीशी धरलेला. मी बसवलेल्या कॅमेऱ्यानं मला असं पकडलेलं बघून क्षणभर मला पुढचं काही सुचेना. पाटणकर सर हळूच म्हणाले, नंदिनी.

"तो आवाज करंदीकर साहेबांपर्यंत पोचलाच नाही," मी म्हणाले. "खोलीनं गाळून टाकला. मघाशी भोंगा गाळला ना, तसाच. माणसं बोलली तेवढीच गेली."

आबांनी सावकाश विचारलं, "म्हंजे भोंगा आम्ही स्वतः ऐकला, तरी आमच्या ध्यानात आलं नाही?"

मी टॅबवर बोट ठेवलं आणि गाळणी बंद केली. कॅमेऱ्याचं आपोआप वळणंही बंद केलं, त्याचा तसा काही संबंध नव्हता, पण मला तो डोळ्यासमोर नको होता. पलीकडे करंदीकरांनी एकदम कानाशी हात नेला. आता त्यांना आमची खोली जशी होती तशी ऐकू येत होती. एसीची घरघर, मिलचा दणदणाट, खुर्च्यांची करकर, आबांचा दम लागल्यासारखा श्वास. तीन आठवड्यांची माझी सगळी मेहनत गेली आणि खोली पुन्हा खोली झाली.

हिंदुराव दारातून परत आले. त्यांनी फोन पुन्हा वर धरला.

करंदीकरांनी अर्धंच ऐकलं असेल. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वाघमोडे," ते म्हणाले, "भट्टीसमोरची माणसं आधी मागे घ्या. बाकीचं नंतर बोलू."

वाघमोडेंनी फोन उचलेपर्यंत हिंदुराव दारातून बाहेर पडलेसुद्धा होते. काखेतलं लॉगबुक त्यांनी तसंच जमिनीवर टाकलं होतं. खिडकीतून मला ते आवार ओलांडून पळताना दिसले, ट्रॅक्टरांच्या मधून वाट काढत, टॉवेल गळ्यातून निसटून मागे पडला तरी न थांबता. तेव्हापासून अर्ध्या तासानं चिमणीचा धूर पातळ झाला. दुपारी मिल थांबली. ती थांबल्यावर जी शांतता झाली, तशी शांतता मी माझ्या कुठल्याही यंत्रातून काढलेली नाही.

तिसऱ्या दिवशी बॉयलर उघडला. करंदीकर स्वतः आले होते. एका नळीला सुईनं पाडावं तसं भोक होतं आणि शेजारच्या तीन नळ्या कापल्या जाऊन इतक्या पातळ झाल्या होत्या की वाघमोडेंनी अंगठ्यानं दाबलं तर पत्रा आत गेला. किती दिवस टिकल्या असत्या, असं आबांनी विचारलं. करंदीकर म्हणाले, दिवस नाही, पाळ्या मोजा.

पुढच्या आठवड्यात त्याच खोलीत आमचा सत्कार झाला. हिंदुरावांना शाल-नारळ, मला शाल-नारळ. आबांनी भाषणात माझ्या धाडसाचं फार कौतुक केलं. एवढ्या मोठ्या माणसांत उभं राहून आपल्याच कामातली खोट सांगायला काळीज लागतं, असं म्हणाले. सगळ्यात मोठ्यानं टाळ्या पाटणकर सरांनी वाजवल्या. मी नारळ हातात धरून मान खाली घालून उभी होते, आणि लोकांना तो विनय वाटला.

नंतर हिंदुरावांनी मला बॉयलरकडे चहाला नेलं. सातही माणसं कामावर होती, त्यातल्या एकानं हात पुसून माझ्यासाठी बाकडं पुढे सरकवलं. हिंदुरावांनी कपाटातून लॉगबुक काढलं आणि त्या दिवसाचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. दोष आढळला नाही. खाली त्यांची सही. लॉगबुकात खाडाखोड करता येत नाही, म्हणून ती ओळ तशीच राहिली होती.

"अडतीस वर्सांत ह्या वहीत म्या खोटं ल्ह्येलं न्हवतं," ते म्हणाले.

मी म्हणाले की ते खोटं कसं, तज्ज्ञांनी तुम्हाला तसं सांगितलं होतं. चूक माझ्या यंत्राची होती.

"यंत्राचं सोडा वो. त्येला काय कळतंय. माझ्या कानाला आलं हुतं की. तरीबी सही केली म्या. मला वाटलं, खरंच कान वाजत्यात आता आपलं." त्यांनी वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला. मग विचारलं, "ताई, तुमास्नी कवा कळलं वो ते?"

चहाचा पेला माझ्या ओठांशी होता. मी तो खाली ठेवला.

"बोलले तेव्हाच," मी म्हणाले. "तुम्ही दारात होतात ना, तेव्हा."

त्यांनी मोठा श्वास सोडला. इतक्या दिवसांचा काहीतरी भार उतरला असावा तसा त्यांचा चेहरा मोकळा झाला. "म्हंजी माझी सही झाल्यावर. मग बरं. माझ्या मनात उगीच येत हुतं, सहीच्या आदी खोलीत कुणाला ठावं असंल का. पर ठावंच न्हवतं तर कोण सांगणार?" असं म्हणून त्यांनी माझ्या पेल्यात आणखी चहा ओतला.

हिंदुराव गेले त्याला आता तीन वर्षं झाली. ते असताना खरं काय ते सांगायला मी दोनदा त्यांच्या गावापर्यंत गेले होते. दोन्ही वेळा जेवून, विड्याचं पान खाऊन परत आले.

त्या दिवसाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. खोलीनं ते आपण होऊन केलं होतं, कुणी बटण दाबायची गरज नव्हती. अकरा वाजून सतरा मिनिटांनी हिंदुराव फोन खिशात ठेवतात. अकरा सव्वीसला मी 'थांबा' म्हणते. मधली नऊ मिनिटं मी कितीदा पाहिली असतील याची गणती नाही. त्यात आबा दिसतात, पाटणकर सर दिसतात, 'सही हितं का' म्हणून विचारणारे हिंदुराव दिसतात, त्यांचा वाकलेला खांदा दिसतो. मी कुठेच दिसत नाही. कॅमेरा फक्त बोलणाऱ्याकडे वळतो. तसा मीच बसवला होता.